उत्तर ठाऊक असलेलं गणित

पुण्यात एसीच्या खोलीत ओव्हरक्लॉक करून, म्हणजे प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगापेक्षा जास्त पळवून, स्थिर ठरलेलं मशीन वेंगुर्ल्यात मे महिन्यात स्थिर असेलच असं नाही. हे वाक्य मी गिऱ्हाइकांना इतक्यांदा ऐकवलंय की शेजारचा सलूनवालासुद्धा आता ते माझ्या आवाजात म्हणून दाखवतो. म्हणू दे. प्रोसेसरवरचा पंख्याचा कूलर दीड हजाराचा असो की पंधरा हजारांचा, खोलीतल्या हवेपेक्षा थंड तो काहीच करू शकत नाही. चिप आणि हवा यांच्यातला फरक आटोक्यात ठेवणं एवढंच त्याच्या हातात. खोली २४ अंशांवर असताना पूर्ण भाराखाली चिप ८० वर थांबत असेल, तर खोली ३४ वर गेल्यावर ती ९० च्या आसपास जाणार. साधी बेरीज आहे. आणि आमच्याकडे मे महिन्यात दुपारी स्लॅबच्या खोलीत ३४ म्हणजे काही विशेष नाही.

दमटपणाबद्दल मात्र लोकांचा गैरसमज असतो. उकाड्यात आपला जीव नकोसा होतो तो घाम वाळत नाही म्हणून. चिपला घाम येत नाही. हवेत आर्द्रता नव्वद टक्के असली तरी कूलरला त्याचं सोयरसुतक नाही. आमच्या हवेचा उपद्रव निराळा, तो खाऱ्या वाऱ्याचा. किनाऱ्यालगतच्या घरातलं, दोन-तीन पावसाळे काढलेलं कॅबिनेट उघडून बघा. स्क्रू गंजलेले, तांब्याच्या नळ्या कळंकलेल्या, रॅमच्या सोनेरी कडांवर डाग, आणि एसएमपीएसच्या, म्हणजे वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, जाळीत बहुधा एखादी वाळलेली पाल. ‘ओव्हरक्लॉक टिकत नाही’ म्हणून आलेल्या मशीनची रॅम मी आधी काढतो, कडा खोडरबराने हलकेच पुसतो आणि परत बसवतो. बरीचशी दुखणी तिथेच संपतात. मग बायोसमध्ये, म्हणजे वेग-व्होल्टेज लावायच्या बोर्डाच्या सेटिंगमध्ये, शिरायची वेळच येत नाही.

माझ्या पिढीला या खेळाची चटक लागली ती सेलेरॉन ३००ए मुळे. १९९८ सालचा इंटेलचा स्वस्तातला प्रोसेसर, वेग ३०० मेगाहर्ट्झ. बोर्डवरच्या बसचा, म्हणजे डेटा ने-आण करणाऱ्या वाटेचा, वेग ६६ वरून १०० मेगाहर्ट्झ केला की साडेचारच्या पटीने तो थेट ४५० वर जायचा, आणि त्यातले पुष्कळ नग मुकाट्याने चालायचे. दीडपट वेग, तोही फुकटात. मुंबईत संगणकाच्या सुट्या भागांच्या बाजारात, लॅमिंग्टन रोडवर तेव्हा याच्या सुरस कथा चालत. आता ते दिवस गेले. हल्लीचे प्रोसेसर तापमान आणि मिळणारी वीज बघून स्वतःच स्वतःला ताणून घेतात. कंपनीने बहुतेक रस काढूनच डबा पाठवलेला असतो. आपल्या वाट्याला उरतं ते थोडंसं, आणि त्याची किंमत उष्णतेत मोजावी लागते.

तरी पोरं येतातच. मालवणकडच्या एका ट्रॉलरवाल्याचा मुलगा ड्रोनने होमस्टेवाल्यांचे, स्कूबावाल्यांचे व्हिडिओ करून देतो. पर्यटकांचा हंगाम सरत आला होता, पाऊस लागायच्या आत सगळ्यांना काम द्यायचं होतं, तेव्हा मशीन काखोटीला मारून आला. म्हणाला, “काका, माजो भाव ठाण्याक पाच पॉइंट पाचवर चलयता. माका तेवढा तरी होया.” म्हणजे ५.५ गिगाहर्ट्झ. हट्ट वेगाचा कमी, ठाण्याच्या भावाशी बरोबरी करण्याचा जास्त. मी म्हटलं, ठेवून जा. पण तुझ्या व्हिडिओंची दुसरी प्रत कुठे आहे ती आधी दाखव. त्याने बाहेरची हार्ड डिस्क काढून दाखवली तेव्हाच मशीन टेबलावर घेतलं.

प्रतीचा आग्रह का, ते सांगायला हवं. लोकांना वाटतं, प्रोसेसर जास्त ताणला तर तो ‘उडेल’. धूर येईल, वास येईल. तसं सहसा होत नाही. ५ गिगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला ५ अब्ज ठोके. दोन ठोक्यांमध्ये वेळ मिळतो ०.२ नॅनोसेकंद, ज्यात प्रकाशसुद्धा सहाच सेंटिमीटर जातो. तेवढ्यात ट्रान्झिस्टरच्या लांबच लांब रांगांनी शून्य की एक ते ठरवून निकाल पुढच्या टप्प्यावर पोचता करायचा. वेग वाढवला की ही मुदत आखडते. एखाद्या लांबच्या वाटेवरचा निकाल पुढचा ठोका पडेपर्यंत पोचतच नाही, आणि तिथे जे काही असेल तेच खरं मानून गणित पुढे सरकतं. व्होल्टेज चढवलं की ट्रान्झिस्टर चपळ होतात, मुदत पुरते. पण वीज खर्च होते ती वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. दोन्ही दहा-दहा टक्क्यांनी वाढवा, १.१ तीनदा गुणा, वीज सुमारे ३३ टक्क्यांनी वाढलेली दिसेल. ती सगळी शेवटी उष्णता होऊन त्याच खोलीत येणार, जिथे आधीच ३४ आहे.

तेव्हा बिघाड होतो म्हणजे काय होतं? एक बिट चुकतो. तो नेमका कुठे चुकला यावर पुढचं सगळं अवलंबून. विंडोजच्या नाजूक जागी चुकला तर निळी स्क्रीन येते, आणि ती आली तर मी म्हणतो देव पावला. मशीनने निदान कबूल तरी केलं. प्रोसेसरच्या आतल्या राखणदाराने तो पकडला, तर विंडोजच्या नोंदवहीत डब्ल्यूएचईए नावाची नोंद पडते. मशीन चालू राहतं आणि ती नोंद बघायला कोणी जात नाही. आणि कुणीच पकडला नाही तर? फोटोच्या मध्यावर एक राखाडी पट्टा येतो, झिप फाइल उघडत नाही, एक्सेलमध्ये एका खान्यात वेगळाच आकडा बसतो. पडदा स्वच्छ, पंखा शांत, उत्तर चूक. मला भीती असते ती याची.

ही चूक पकडायची तर बरोबर उत्तर आधीच ठाऊक हवं. मशीनवर नुसतं ओझं टाकून ते कोसळतंय का ते बघणं म्हणजे अर्धीच परीक्षा. ही गोष्ट हार्डवेअरवाल्यांच्या आधी गणितवाल्यांना उमगली, आणि तीही अशा गणितवाल्यांना, ज्यांच्या कामाचा बाजारात कवडीचा उपयोग नाही. सतराव्या शतकात मारँ मर्सेन नावाचा एक फ्रेंच धर्मगुरू होऊन गेला. दोनचा कुठलातरी घात घ्यायचा, त्यातून एक वजा करायचा, आणि येणारी संख्या मूळ संख्या आहे का ते बघायचं, हा त्याचा छंद. १६४४ साली त्याने अशा घातांची यादी दिली. त्यातले ६७ आणि २५७ हे घात चुकीचे निघाले, आणि ६१, ८९, १०७ हे राहूनच गेले होते. हाताने करायची आकडेमोड, चालायचंच.

१९९६ साली जॉर्ज वोल्टमन याने या संख्यांचा शोध इंटरनेटवरून घराघरातल्या संगणकांना वाटून दिला. त्या उपक्रमाचं नाव जिम्प्स आणि त्याचा प्रोग्राम प्राइम९५. एकेका संख्येचा निकाल लागायला दिवसच्या दिवस, महिनेसुद्धा लागत. अब्जावधी पायऱ्या, त्यातली एक चुकली तर पुढची सगळी वीज पाण्यात. म्हणून वोल्टमनने प्रोग्राममध्येच पहारा बसवला. अजस्र संख्यांचा गुणाकार दशांश अपूर्णांकांच्या वाटेने केला जातो, पण शेवटी प्रत्येक आकडा पूर्णांकाजवळच यायला हवा. तो ०.४ पेक्षा जास्त लांब पडला की प्रोग्राम ओरडतो. त्याखेरीज एक ‘टॉर्चर टेस्ट’ दिली. तिच्यातल्या गणितांची उत्तरं आधीच काढून ठेवलेली असतात. मशीनचं उत्तर त्यांच्याशी ताडून बघायचं, एवढंच तिचं काम. ओव्हरक्लॉकवाल्यांनी ही सोय आयती उचलली. मूळ संख्यांशी त्यांचं काडीचंही देणंघेणं नव्हतं.

या बिनकामाच्या गणिताने मोठमोठ्यांना गाठलंय. १९९४ मध्ये थॉमस नाइसली हे अमेरिकेतले प्राध्यापक जुळ्या, म्हणजे दोनच्या अंतरावरच्या, मूळ संख्यांच्या व्यस्तांची बेरीज करत होते. उत्तर जुळेना. बाकीच्या शक्यता निकालात काढत गेल्यावर दोष इंटेलच्या पेंटियम प्रोसेसरच्या भागाकारातच निघाला. ४१९५८३५ ला ३१४५७२७ ने भागलं तर १.३३३८२ यायला हवं. तो पेंटियम १.३३३७४ द्यायचा. इंटेलला हे प्रकरण ४७.५ कोटी डॉलरना पडलं. जानेवारी २०१६ मध्ये इंटेलचाच स्कायलेक प्रोसेसर प्राइम९५ मधल्या एका ठरावीक घातावर गोठून जातो, हे जिम्प्सवाल्यांनी दाखवलं आणि इंटेलला बायोसमधून दुरुस्ती द्यावी लागली. ही दोन्ही मशीनं ओव्हरक्लॉक केलेली नव्हती, हे ध्यानात घ्या. २०२४ मध्ये सापडलेली मर्सेनच्या जातीची मूळ संख्या ४ कोटी १० लाख २४ हजार ३२० अंकांची आहे. ती ग्राफिक्स कार्डांवर सापडली, म्हणजे प्रोसेसरचा तो मानही गेला. पण परीक्षक म्हणून प्राइम९५ माझ्या पेन ड्राइव्हवर आहेच.

आता टेबलावरची गोष्ट. मी ओव्हरक्लॉकची चाचणी मूळ सेटिंगपासून सुरू करतो. कारखान्याच्या वेगावर मशीन किती तापतं, किती वीज खातं, ते आधी लिहून घ्यायचं. त्यावरच ते ९५ गाठत असेल तर गोष्ट चिप आणि कूलर यांच्यातल्या पेस्टची किंवा नीट न आवळलेल्या कूलरची आहे, वेगाची नाही. मग रॅमचा एक्सएमपी, म्हणजे तिचा वाढीव वेगाचा पर्याय, बंद करून रॅम तपासणारं मेमटेस्ट८६ रात्रभर. दोन संशयित एकदम उभे केले की चोर सापडत नाही; रॅम निर्दोष ठरल्यावरच प्रोसेसरकडे वळायचं. मग वेग एक पायरी वर, सिनेबेंचची साधी वेगचाचणी, नोंदवहीत डोकावणं, पुन्हा एक पायरी. प्राइम९५ इतक्या लवकर लावायचं नाही. त्याची ‘स्मॉल एफएफटी’ ही चाचणी आणि त्यात एव्हीएक्सच्या, म्हणजे एकाच दमात अनेक आकडे हाताळणाऱ्या, सूचना म्हणजे चिपला मिळू शकणारी सगळ्यांत उष्ण कामं. पहिल्या मिनिटातच तापमान झपकन चढतं, तेव्हा नजर तापमान-वेग दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोवरून हलवायची नाही आणि हात माउसवरून. मी ९० ची रेघ धरतो. इंटेलच्या हल्लीच्या बहुतेक डेस्कटॉप चिपना १०० पर्यंत मुभा असते, एएमडीचे रायझेन ७००० तर ९५ वर चालायलाच बनवलेत, हे मला ठाऊक आहे. पण जानेवारीत ९५ वर उभं असलेलं मशीन मेमध्ये कुठे जाणार?

त्याचं उत्तर लोक देतात, “काय होत नाही, स्वतःच हळू होतं.” होतं खरं. मर्यादा गाठली की चिप आपला वेग स्वतः उतरवते, आणि नेमकी तिथेच चाचणी खोटी पडते. तुम्ही ५.५ ची परीक्षा घेताय असं समजता आणि ती बापडी ४.७ वर पेपर सोडवत असते. वर निकाल लागतो, उत्तीर्ण. म्हणून लावलेला वेग नव्हे, चाचणी चालू असताना प्रत्यक्षात पडलेला वेग बघायचा. आणि ही स्वसंरक्षणाची सोय बायोसमधून बंद करायला सांगणारे जे महाभाग व्हिडिओंत भेटतात, त्यांच्या खोलीत एसी असतो आणि चिप बहुधा कुणीतरी फुकट दिलेली असते.

सगळ्यांत अवघड क्षण भाराचा नसतो, भार उतरण्याचा असतो. काम अंगावर आलं की प्रोसेसरला मिळणारं व्होल्टेज किंचित खाली बसतं. ते सावरायला बोर्डमध्ये लोड लाइन कॅलिब्रेशन असतं. ते फार कडक लावलं तर भार एकदम सुटताना व्होल्टेज उसळी मारतं. ही उसळी क्षणाचीच, साध्या मापकात दिसतही नाही. म्हणून मी ते मधल्या पायरीच्या वर नेत नाही आणि चाचणी मधूनमधून थांबवून पुन्हा चालू करतो. सलग चालणारी मशीनं चालू-बंदच्या खेळात पडलेली पाहिली आहेत.

पूर्ण भारावर पंखे असे सुटतात की माजघरातून आई विचारते, “ह्यां कित्याक एवढां बोंबालता रे?” त्यात आमच्या विजेचं निराळंच. वारा सुटला, माडाची झावळी तारेवर आली, दिवे क्षणभर मंदावले आणि मशीन रीस्टार्ट. आता हा दोष कुणाचा? विंडोज ‘कर्नल-पॉवर ४१’ अशी नोंद करतं. तिचा अर्थ एवढाच की मशीन रीतसर बंद झालं नव्हतं. सोबत डब्ल्यूएचईए किंवा निळ्या स्क्रीनचा क्रमांक असेल तर संशय प्रोसेसरवर; नुसतीच ४१ असेल तर मी आधी रस्त्यावरचे दिवे आठवतो. यूपीएस लावला म्हणून सुटका नाही. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस जेमतेम ३६० वॉट देतो. प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड एकदम ताणली की वीज जाताक्षणी तोच बसतो. चाचणीला मोठा यूपीएस घ्यावा, नाहीतर वळिवाच्या दिवसांत चाचणीच करू नये. आकाशात गडगडायला लागलं की मी वायर भिंतीतून उपटतो, मग चाचणी कितीही रंगात आलेली असो.

चोवीस तास प्राइम९५ चाललं की झालं, असं मानणारा एक पंथ आहे. मी त्या पंथातला नाही. व्हाळावर पोफळीच्या खोडांचा साकव घातला की पहिला माणूस पाय रोवून, हलवून बघत जातो. तो गेला म्हणजे एक माणूस, कोरड्या खोडावरून, हळू चालत जाऊ शकतो एवढंच कळलं. गवताचा भारा डोक्यावर घेऊन, पावसात, शेवाळावरून जाणारीला तो काही हमी देत नाही. प्राइम९५ ची जड चाचणी सगळ्या कोअरना, म्हणजे प्रोसेसरच्या आतल्या सगळ्या कामकऱ्यांना, एकदम राबवते, आणि सगळे राबत असताना एकाचाही वेग टोकाला जात नाही. मशीन रिकामं असताना, तुम्ही नुसता माउस हलवला की एकटाच कोअर क्षणभर सर्वांत वरच्या वेगाला जातो, आणि त्या वेगाला व्होल्टेज अपुरं असेल तर तिथेच पडतो. रायझेनमध्ये कर्व्ह ऑप्टिमायझरने व्होल्टेज उतरवणाऱ्यांना हा अनुभव ठरलेला: रात्रभर चाचणी पास, सकाळी चहा पिताना रीस्टार्ट. म्हणून एकेका कोअरला आळीपाळीने राबवणारा कोअरसायकलर चालवायचा, आकडेमोडीचं वाय-क्रंचर लावायचं, ओसीसीटी या चाचणीच्या प्रोग्राममध्ये भार खालीवर करून बघायचा. मशीन झोपवून उठवायचं. पूर्ण गार झाल्यावर पहाटे सुरू करून बघायचं. माझी स्वतःची आवडती चाचणी याहून गावठी आहे. गिऱ्हाइकाचेच मोठे व्हिडिओ ७-झिपने आवळायचे, सोडवायचे, आणि मूळ फाइलशी हॅश, म्हणजे फाइलचा जणू बोटाचा ठसा, जुळतो का ते पुन्हा पुन्हा बघायचं. उत्तर आधीच ठाऊक, आणि काम त्याच्या रोजच्या जातीचं.

याच जातीच्या कामाने २०२४ मध्ये इंटेलचं दुखणं उघडं पाडलं. तेराव्या आणि चौदाव्या पिढीचे वरच्या श्रेणीतले प्रोसेसर, कुणी हातही न लावलेले, खेळ उघडताना कोसळायला लागले. पडद्यावर संदेश काय, तर व्हिडिओ मेमरी अपुरी आहे. लोकांनी ग्राफिक्स कार्डं बदलली. खरं तर आवळून ठेवलेला डेटा सोडवताना प्रोसेसर चुकत होता; सोडवणारा भाग आपला निकाल तपासत असल्याने तो अडला, एवढंच. पुढे इंटेलने मान्य केलं की चिप गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होती, त्याने ती झिजत गेली, आणि झालेली झीज भरून येत नाही. ऑगस्टमध्ये नवा मायक्रोकोड, म्हणजे चिपच्या आतल्या सूचनांची दुरुस्ती, आला, हमीही दोन वर्षांनी वाढवली गेली. बनवणाऱ्याच्या आकड्यांवर चालून हे होतं, तर आपण बायोसमध्ये व्होल्टेजचा आकडा चढवताना बोट जरा अडखळावं, इतकंच मला वाटतं.

म्हणून किनाऱ्यावरच्या माणसाला माझा सल्ला उलटा असतो. वेग वाढवू नका, व्होल्टेज उतरवा. वेग तोच ठेवून व्होल्टेज थोडं खाली आणलं की वीज वर्गाच्या हिशोबाने कमी होते, पंखे निवतात, आणि मर्यादा न गाठल्याने चिप दुपारीही आपला वेग टिकवून धरते. परीक्षा मात्र याचीही तेवढीच कडक घ्यायची. मुदतीचं गणित दोन्हीकडून तेच असतं.

ट्रॉलरवाल्याच्या मुलाचं मशीन ५.५ वर सिनेबेंच सोडवायचं. हॅशच्या चाचणीत दुपारी नापास व्हायचं, रात्री पास. मी ते ५.२ वर आणलं, व्होल्टेज उतरवलं, आणि दुपारी दोन वाजता, दारं लावून, पंखा बंद करून पुन्हा सगळं चालवलं. चाललं. तो नाराज झाला. त्याचाच एक व्हिडिओ मी दोन्ही वेगांवर रेंडर करून दाखवला. दुपारच्या उकाड्यात ५.५ वालं मशीन तापून हळू व्हायचं आणि ५.२ वालं त्याच्या आधी संपवायचं. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “भावाक सांगू नको हां, काका.” कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मी नेहमीप्रमाणे चिठ्ठी डकवली: वेग, व्होल्टेज, खोलीचं तापमान, तारीख.

पतसंस्थेतलं एक मशीनही माझ्याकडेच असतं. तिथला नवा कारकून हौशी आहे, व्हिडिओ बघतो. परवा विचारत होता, आपलं पण जरा वाढवता येईल का? लोकांच्या ठेवींवरचं व्याज त्या मशीनवर निघतं. त्याच्या बायोसमध्ये मी शिरतो तो बोर्डवरचा सेल संपल्यावर, तारीख-वेळ लावण्यापुरता.